ताकासागो-बेया : बंडखोराने उभारलेली सुमोची तालीम

टोकियोच्या सुमिदा वॉर्डात होंजो नावाचा भाग आहे. तिथे ताकासागो-बेया ही सुमोची तालीम आहे. मूळ जपानी शब्द 'हेया', म्हणजे खोली. आधी नाव जोडलं की उच्चारात 'हेया'चं 'बेया' होतं. सुमोमध्ये मात्र हा शब्द खोलीपुरता राहत नाही. जिथे सराव करायचा, जेवायचं, झोपायचं आणि ज्या घराण्याचं नाव आयुष्यभर लावायचं, ते सगळं मिळून हेया.

आज जपानमध्ये अशा चाळीसहून अधिक तालमी आहेत. त्यांतल्या ताकासागोबद्दलच लिहायचं कारण सांगतो. सुमोमधला एखादा नियम असाच का, हे शोधत मागे जायला लागलं की वाट पुन्हा पुन्हा याच दारात येते. कुणी इथे नियम मोडला, कुणी नियमाविरुद्ध भांडला, तर कुणाच्या यशामुळे नवा नियम करावा लागला.

पण आधी तालमीचं काम कसं चालतं ते पाहू, नाहीतर पुढच्या भांडणांचं मर्म कळणार नाही.

आपल्याला तालीम म्हटलं की वस्ताद, पठ्ठे, खुराक आणि लाल मातीचा हौदा आठवतो. हेयातही हे सगळं आहे. वस्तादाला 'ओयाकाता' म्हणतात आणि मल्लांच्या घरचं पाहणाऱ्या त्याच्या बायकोला 'ओकामी-सान'. फरक आहे तो बांधिलकीत. आपला पैलवान एक तालीम सोडून दुसरीत जाऊ शकतो. सुमोत ते चालत नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा ज्या हेयात दाखल होतो, त्याच हेयातून त्याने निवृत्त व्हायचं. तालीम बंद पडली, दुसरीत विलीन झाली किंवा तिच्यातून नवी तालीम निघाली, तरच घर बदलतं. एकाच तालमीतले दोघे स्पर्धेत एकमेकांशी लढतही नाहीत. विजेतेपदासाठी दोघांची बरोबरी होऊन निर्णायक लढत खेळवावी लागली, तर तेवढाच अपवाद.

दिवस पहाटे सुरू होतो, आणि तोही उपाशीपोटी. आखाड्यात सगळ्यांत आधी उतरतात ते सगळ्यांत खालच्या दर्जाचे मल्ल. पाय उंच उचलून जमिनीवर आपटण्याला 'शिको' म्हणतात, लाकडी खांबावर तळहातांनी मारा करण्याला 'तेप्पो'. आपल्या जोर-बैठकांसारखंच, रोज आणि शेकड्याने. मोठे मल्ल नंतर येतात. त्यांच्या कमरेचा पट्टा, म्हणजे 'मावाशी', सरावाच्या वेळी पांढरा असतो आणि बाकीच्यांचा काळा. सराव संपला की आंघोळ, मग 'चान्को', म्हणजे मांस, मासे, भाज्या, तोफू एकाच भांड्यात शिजवलेलं जेवण. तेही दर्जानुसार. रांधणारी आणि वाढणारी धाकटी मुलं सगळ्यांत शेवटी जेवतात.

पांढरा आणि काळा पट्टा हा फरक दिसायला रंगाचा, पण खरा पगाराचा आहे. सुमोत सहा श्रेणी आहेत आणि एकूण मल्ल साधारण ६००. त्यांतल्या वरच्या दोन श्रेणींतल्या ७० जणांनाच महिन्याचा पगार मिळतो. त्यांना 'सेकितोरी' म्हणतात. बाकीच्यांना राहणं-जेवण आणि थोडा भत्ता. सेकितोरीला स्वतःची खोली मिळते, दिमतीला धाकटे मल्ल मिळतात. वरच्या श्रेणीत शिरण्यासाठी मुलं दहा-दहा वर्षं धडपडतात आणि बहुतेकांना ते जमत नाही. एखाद्या तालमीत किती सेकितोरी आहेत, यावर त्या तालमीची पत ठरते.

आता १८७३ मध्ये जाऊ.

जपानमध्ये तेव्हा मेइजी राजवटीची सुरुवातीची वर्षं होती. त्याआधी मोठमोठे सरदार मल्लांना पदरी ठेवत. १८७१ मध्ये सरदारांच्या जहागिरी बरखास्त झाल्या आणि मल्लांचा आश्रय एका फटक्यात गेला. राहिलं ते तिकिटांचं उत्पन्न, आणि त्यावर ताबा होता संघटनेतल्या मोजक्या वडीलधाऱ्यांचा. खालच्या मल्लांच्या हातात फारसं काही पडत नसे.

ताकासागो उरागोरो हा त्या वेळी खेळत असलेला मल्ल. जन्म १८३८ चा, टोकियोजवळच्या आजच्या चिबा भागातला शेतकऱ्याचा मुलगा. हिमेजीच्या सरदाराच्या पदरी होता आणि 'ताकासागो' हे नाव त्याला तिथूनच मिळालं. हिमेजीजवळच्या समुद्रकाठच्या एका गावाचं ते नाव. उत्पन्नाची वाटणी न्याय्य व्हावी, अशी मागणी त्याने साथीदारांना घेऊन केली. संघटनेने त्याला काढून टाकलं. छापलेल्या 'बान्झुके'वर, म्हणजे मल्लांच्या क्रमवारीच्या तक्त्यावर, त्याचं नाव शाईने खोडून टाकलं.

तो गप्प बसला नाही. 'काइसेई-गुमी' नावाचा वेगळा संघ काढून तो टोकियोबाहेर कुस्त्या भरवू लागला. 'काइसेई' म्हणजे सुधारणा, अर्थात सुधारणावाल्यांचा संघ. पाच वर्षं हे चाललं. १८७८ मध्ये टोकियोच्या पोलिसांनी मल्लांना परवाने सक्तीचे केले आणि शहरात एकच संघटना चालेल असं ठरवलं. दोन्ही बाजूंना समेट करणं भाग पडलं. उरागोरो सन्मानाने परतला. ताकासागो-बेयाचा इतिहास १८७८ पासून मोजतात तो यामुळे.

परतल्यावर मल्लांचे पैसे आणि संघटनेचा कारभार यांत त्याने बऱ्याच सुधारणा घडवून आणल्या. पण सत्ता हाती आल्यावर तोच हुकूमशहासारखा वागू लागला. १८९० च्या दशकात त्याच्या मनमानीविरुद्ध मल्लांनी एकजूट करून बंड केलं आणि त्याचा अधिकार ओसरला. १९०० मध्ये तो वारला. त्याचं मोठेपण आणि त्याची घसरण एकत्रच सांगायला हवी असं मला वाटतं, कारण या तालमीत हे पुढेही घडत राहिलं. धडाडी आणि बेशिस्त इथे बहुतेक वेळा एकाच माणसात सापडतात.

त्याच्या काळात तालमीत दोन बलाढ्य मल्ल होते : निशिनोउमी आणि कोनिशिकी. त्यांच्यामुळे सुमोच्या क्रमवारीत कायमचा बदल झाला. आज 'योकोझुना' हा सुमोतला सर्वोच्च दर्जा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या काळी योकोझुना हा दर्जा नव्हताच. तो एक मान होता. कमरेला जाडजूड पांढरा दोर बांधून आखाड्यात एकट्याने प्रवेशविधी करण्याचा मान. क्रमवारीतला सर्वोच्च दर्जा होता 'ओझेकी'. १८९० मध्ये निशिनोउमीला योकोझुनाचा मान मिळाला, पण क्रमवारीत कोनिशिकीची कामगिरी सरस ठरल्याने निशिनोउमीचं नाव मुख्य चौकटीबाहेर गेलं. तो नाराज झाला. त्याची समजूत काढण्यासाठी तक्त्यावर त्याच्या नावाशी 'योकोझुना' असं छापण्यात आलं. हा शब्द बान्झुकेवर प्रथम आला तो असा, एकाच तालमीतल्या दोघांचा मान राखता राखता. १९०९ मध्ये तो अधिकृत दर्जा झाला.

संस्थापक गेल्यावर नाव राहिलं. सुमोत वडीलधाऱ्यांची १०५ नावं ठरलेली आहेत. मल्ल निवृत्त झाला आणि त्याला संघटनेत राहायचं असेल, तर त्यांपैकी एखादं मोकळं नाव मिळवावं लागतं. आपलं खेळाडू म्हणून असलेलं नाव मागे ठेवून तो त्या नावाने ओळखला जातो, आणि संघटनेतून निवृत्त होताना ते पुढच्याला देतो. 'ताकासागो उरागोरो' हे त्यांतलंच एक नाव. या तालमीचा प्रत्येक प्रमुख ते नाव घेतो. आजवर आठ जण ताकासागो झाले. गादी एक, माणसं वेगळी.

आठांतला चौथा, माएदायामा, मला सगळ्यांत विलक्षण वाटतो.

एहिमे प्रांतातला हा मुलगा. तरुणपणी त्याच्या हाताला इतका गंभीर आजार झाला की कुस्ती सुटायची वेळ आली. माएदा नावाच्या शल्यविशारदाने तो हात वाचवला. कृतज्ञता म्हणून त्याने स्वतःचं नावच बदललं : माएदायामा, म्हणजे 'माएदा-पर्वत'. आखाड्यात त्याचं हत्यार होतं थपडांचा मारा. नियमात बसणारं, पण अनेकांना न रुचणारं. १९४७ मध्ये तो ३९वा योकोझुना झाला तेव्हा त्याचे भराचे दिवस सरले होते.

ऑक्टोबर १९४९. ओसाकातली स्पर्धा. माएदायामा ओळीने हरत होता. आजारपणाचं कारण सांगून त्याने माघार घेतली आणि टोकियोला परतला. त्याच दिवसांत अमेरिकेतला सॅन फ्रान्सिस्को सील्स हा बेसबॉल संघ जपानमध्ये खेळायला आला होता. युद्धात हरलेल्या, अमेरिकी अंमलाखाली असलेल्या जपानमध्ये त्या दौऱ्याचं केवढं अप्रूप होतं. आजारी म्हणून घरी बसायचा योकोझुना त्या सामन्याला जाऊन बसला आणि सील्सचे व्यवस्थापक लेफ्टी ओडूल यांच्याशी हस्तांदोलन करतानाचा त्याचा फोटो छापून आला.

गदारोळ झाला. योकोझुना खालच्या दर्जावर उतरवला जात नाही. तो त्या मानाला साजेसा उरला नाही, तर निवृत्ती ही एकच वाट उरते. संघटनेने माएदायामाला तीच वाट दाखवली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५० मध्ये, तीन योकोझुनांनी एकाच स्पर्धेतून माघार घेतली. त्यांतला आझुमाफुजी ताकासागोचाच. लोकांचा राग आणखी वाढला. त्यातून १९५० मध्ये बाहेरच्या मान्यवरांची एक समिती नेमण्यात आली. कुणाला योकोझुना करावं याची शिफारस ती आजही करते.

माएदायामाची गोष्ट इथे संपली असती, तर ती फक्त नामुष्कीची गोष्ट राहिली असती. पण ताकासागो म्हणून त्याने पुढे जे केलं, त्याने सुमोचा चेहरा बदलला. परदेशाबद्दलची त्याची ओढ त्या फोटोपुरती नव्हती. १९५१ मध्ये तो काही मल्लांना घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. आणि १९६४ मध्ये त्याने हवाईतल्या माउई बेटावरच्या एका १९ वर्षांच्या मुलाला जपानला आणलं. मुलाचं नाव जेसी कुहाउलुआ.

जेसी शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळायचा. पाय आणि कंबर मजबूत व्हावी म्हणून प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून सुमोकडे वळला होता. टोकियोत आला तेव्हा भाषा येत नव्हती, थंडीची सवय नव्हती, जेवण ओळखीचं नव्हतं. पहाटेच्या सरावात मांड्या फाकवून जमिनीला टेकवायचा व्यायाम करताना डोळ्यांतून पाणी यायचं, तेव्हा तो म्हणायचा, हे रडणं नाही, डोळ्यांना घाम आलाय. ही आठवण जपानमध्ये आजही सांगतात. सरावात गळ्यावर बसलेल्या माऱ्याने त्याचा आवाज कायमचा घोगरा झाला. त्याला नाव मिळालं ताकामियामा. संस्थापक उरागोरो मल्ल म्हणून ज्या नावाने खेळला होता, तेच. परक्या मुलाला घराण्याच्या मूळपुरुषाचं नाव देण्यात वस्तादाचा किती विश्वास असेल, याची कल्पना करून पाहा.

जुलै १९७२ मध्ये नागोयाच्या स्पर्धेत १५ पैकी १३ लढती जिंकून ताकामियामाने सर्वोच्च श्रेणीचं विजेतेपद मिळवलं. जपानबाहेर जन्मलेल्या मल्लाने ते जिंकण्याची ही पहिलीच वेळ. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं अभिनंदनाचं पत्र अमेरिकेच्या राजदूतांनी आखाड्यात वाचून दाखवलं. त्याला घडवणारा वस्ताद हे पाहायला नव्हता. माएदायामा १९७१ च्या ऑगस्टमध्ये वारला होता. अकरा महिन्यांचा फरक.

ताकामियामा योकोझुना झाला नाही, ओझेकीही नाही. पण त्याने १२ 'किन्बोशी' मिळवले. किन्बोशी म्हणजे सोनेरी तारा : वरच्या श्रेणीतल्या साध्या दर्जाच्या मल्लाने योकोझुनाला हरवलं की मिळणारा मान, ज्याबद्दल पुढे सेकितोरी असेपर्यंत जादा मानधन मिळतं. १९८४ मध्ये, चाळिशी महिन्यावर आली असताना, तो निवृत्त झाला.

त्याच्या यशातून एक प्रश्न उभा राहिला. परदेशी मल्ल निवृत्तीनंतर वस्ताद होऊ शकतो का? १९७६ मध्ये संघटनेने नियम केला : वडीलधाऱ्याचं नाव हवं असेल तर जपानी नागरिकत्व हवं. ताकामियामाने १९८० मध्ये ते घेतलं आणि १९८६ मध्ये स्वतःची आझुमाझेकी ही तालीम काढली. तिथे त्याने हवाईचाच अकेबोनो घडवला, जो १९९३ मध्ये पहिला परदेशी योकोझुना झाला. इकडे मूळ ताकासागोत हवाईचाच दुसरा मल्ल, जुन्या योकोझुनाचं कोनिशिकी हे नाव घेऊन, १९८७ मध्ये पहिला परदेशी ओझेकी झाला होता. त्याने तीन विजेतेपदं मिळवली. १९९२ मध्ये त्याला योकोझुना न केल्यावरून परदेशी म्हणून डावललं का, हा वाद जपानभर पेटला. एकट्या माएदायामाच्या आग्रहातून उगवलेली ही सगळी पिढी.

तालीम मात्र पुढे थकत गेली. २००२ मध्ये सहाव्या ताकासागोची निवृत्ती आली तेव्हा एक तोड काढण्यात आली. घराण्याचाच जुना ओझेकी आसाशिओ वाकामात्सु तालीम चालवत होता. ती ताकासागोत विलीन केली आणि त्याला सातवा ताकासागो केलं. त्याच्यासोबत आला २१ वर्षांचा मंगोल मल्ल, आसाशोर्यू. 'आसा' म्हणजे सकाळ, हे या घराण्याच्या मल्लांच्या नावांचं पहिलं अक्षर. 'आसाशोर्यू' म्हणजे सकाळचा निळा ड्रॅगन.

जानेवारी २००३ नंतर तो ६८वा योकोझुना झाला, पहिला मंगोल. २००५ मध्ये वर्षातल्या सहाच्या सहा स्पर्धा त्याने जिंकल्या, त्याआधी कुणालाच न जमलेली गोष्ट. एकूण विजेतेपदं २५. त्याची चपळाई आणि जिंकण्याची भूक पाहणं हा निखळ आनंद होता. पण योकोझुनाने भावना आवरून धरायच्या असतात, आणि ते त्याच्या स्वभावातच नव्हतं.

२००७ च्या उन्हाळ्यात दुखापतीचा दाखला देऊन त्याने संघटनेच्या दौऱ्यातून रजा घेतली. काही दिवसांत मंगोलियातल्या मदतनिधीच्या फुटबॉल सामन्यात तो धावताना टीव्हीवर दिसला. आजारपणाची रजा, दुसऱ्याच खेळाचं मैदान आणि कॅमेरा. माएदायामाच्या त्या फोटोला ५८ वर्षं झाली होती, आणि तालीम तीच. आसाशोर्यूवर दोन स्पर्धांची बंदी आली. इतिहासात बंदी झालेला तो पहिला योकोझुना. वस्तादाचाही पगार कापला गेला, कारण सुमोत पठ्ठ्याची चूक ही तालमीचीच चूक धरतात. २०१० मध्ये टोकियोत दारूच्या नशेत मारहाण केल्याच्या आरोपानंतर तो निवृत्त झाला, २९व्या वर्षी.

त्यानंतर तालमीत ओहोटी लागली. जानेवारी २०१७ मध्ये तिचा शेवटचा सेकितोरी आसासेकिर्यू खालच्या श्रेणीत घसरला. १८७८ पासून ताकासागोत एकही सेकितोरी नाही अशी वेळ आली नव्हती. ती आता आली. पण पुढच्याच स्पर्धेपासून आसानोयामा नावाचा तरुण पगारी श्रेणीत गेला. मे २०१९ मध्ये त्याने विजेतेपद मिळवलं, मार्च २०२० च्या स्पर्धेनंतर ओझेकी झाला.

घसरलेला तो आसासेकिर्यू मंगोलियातलाच, आसाशोर्यूच्याच जपानी शाळेतला. २०१७ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतलं. ताकामियामाच्या वेळी झालेला नियम त्यालाही लागू होता. डिसेंबर २०२० मध्ये तो आठवा ताकासागो उरागोरो झाला. हिमेजीच्या सरदाराने शेतकऱ्याच्या पोराला दिलेलं नाव आता उलानबातारमध्ये जन्मलेल्या माणसाकडे आहे.

गादीवर बसून सहा महिने होतात न होतात तोच त्याची परीक्षा आली. कोरोनाच्या निर्बंधांत आसानोयामा बाहेर मौजमजेला गेल्याचं उघड झालं आणि जून २०२१ मध्ये त्याच्यावर सहा स्पर्धांची, म्हणजे पूर्ण वर्षाची बंदी आली. क्रमवारी कुणासाठी थांबत नाही. तो घसरत घसरत चौथ्या श्रेणीत, सान्दान्मेत पोहोचला. पगार गेला, दिमतीचे मल्ल गेले, पांढरा पट्टा गेला. तालीम मात्र त्याला सोडता आली नाही आणि तालमीनेही त्याला सोडलं नाही.

जुलै २०२२ मध्ये तो नागोयात परतला, जिथे ५० वर्षांपूर्वी ताकामियामा जिंकला होता. सान्दान्मेच्या लढती लवकर होतात, बरीचशी आसनं रिकामी असतात. माजी ओझेकी काळा पट्टा बांधून आखाड्यात उतरला, आणि सातपैकी सात लढती जिंकून बाहेर पडला.